नोट्समध्ये नसलेलं

पानाच्या चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी होती. वाल्मिक सरांना आधी तीच दिसली, अक्षर नंतर. जितेशनं बशी सरकवून चहाच्या कपाशेजारी जागा केली, ते पान तिथं ठेवलं आणि खुर्ची ओढून समोर बसला. एरवी हा मुलगा सकाळी बसत नाही. उभ्याउभ्या चहा घशाखाली ओततो, हेल्मेट काखेत मारतो आणि खालापूरच्या रस्त्याला लागतो. आज बसला. “पप्पा, हे तुमचं अक्षर ना?” त्यानं विचारलं. सरांनी उगाचच चष्मा शोधला. चष्म्याची काही गरज नव्हती. सव्वीस वर्षं कर्जतच्या कॉलेजात इतिहास शिकवताना त्यांच्या ‘ळ’ची शेपटी खालच्या ओळीत लोंबत आली होती, आणि ती शेपटी अख्ख्या तालुक्याला ठाऊक होती. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे ‘वाल्मिक सरांच्या नोट्स’ म्हणून जो गठ्ठा मिळतो त्यातलंच हे पान. प्रतीवरून प्रत, त्या प्रतीवरून आणखी प्रत काढून अक्षरं फुगली होती, कडेला काळे डाग उमटले होते. वर मथळा : औद्योगिक वाढीचे अमेरिकन समाजावरील परिणाम. मुद्दा तिसरा : कापड गिरण्या आणि शेतकरी मुली. “माझंच. तुला कुठं मिळालं?” ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांच्या आवाजात थोडं कौतुक होतं. त्या कौतुकाची त्यांना पुढं कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

“लाइन चारवर,” जितेश म्हणाला. “खोके बंद करायच्या मशीनला आतल्या अंगानं चिकटवलं होतं. काल ऑडिट होतं, पप्पा. अमेरिकेचं.” जितेश खालापूरच्या ज्या कंपनीत माणसांचं खातं बघतो तिथं गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरतात आणि ती खोकी अमेरिकेला जातात, एवढं सरांना माहीत होतं. ऑडिटला आलेली बाई मशीनपाशी वाकली, म्हणे. पानावर इंग्रजी अक्षरांतला एकच शब्द होता, लॉवेल. गावांची नावं इंग्रजीतही लिहून द्यायची सरांची सवय, म्हणजे पोरं परीक्षेत स्पेलिंग चुकत नाहीत. बाईनं त्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे? “मी काय सांगणार? म्हटलं, मॅडम, प्रार्थना आहे. आमच्याकडच्या मुली कामाच्या जागी देवाचं काहीतरी लावतात. ती छान हसली. मान लववली तिनं, पप्पा, त्या कागदाला. पण वहीत लिहायचं ते लिहिलंच. औषधाच्या जागी सुटा कागद म्हणजे मोठा गुन्हा.” आत सरांच्या बायकोचं, छायाचं, लाटणं थांबलं. जितेशनं आवाज खाली घेतला. लाइन चारवर तेजश्री होती. कोंडाण्याच्या वरच्या वाडीतली, सरांचीच विद्यार्थिनी, सरांनीच शब्द टाकून लावून दिलेली. ठेकेदारानं तिला तिथल्या तिथं घरी जायला सांगितलं. “ती गेली. पण नुसती गेली नाही. दाराबाहेर जाऊन तिनं डोक्यावरची निळी टोपी काढली आणि काचेतून आत बघत ती अशी हलवली. वाडीच्या बाकी पाच जणी मशीन चालू टाकून उठल्या आणि तिच्या मागं गेल्या. कुणी ओरडलं नाही, काही मागितलं नाही. टोपी कशासाठी हलवली ते अजून कुणालाच कळलेलं नाही.”

सरांना कळलं होतं. चहाचा घोट तोंडात तसाच राहिला आणि गार झाल्यावर गिळावा लागला. ऑगस्टमधला तो तास त्यांच्या डोळ्यांपुढं जसाच्या तसा उभा राहिला, कारण असे तास वर्षातून एखादाच होतात आणि शिकवणारा माणूस उरलेलं वर्ष त्यांच्यावरच काढतो. वर्गात ओल्या छत्र्यांचा वास होता. दाराकडच्या बाकावर तेजश्री बसली होती. तिची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. सर सांगत होते, दोनशे वर्षांपूर्वी मेरिमॅक नावाच्या नदीच्या धबधब्यावर लॉवेल नावाचं गाव उभं राहिलं. आधी तिथं शेतं होती. मग पाण्यावर गिरण्या फिरू लागल्या आणि आजूबाजूच्या डोंगरगावांतून पंधरा-वीस वर्षांच्या पोरी गाडीत बसून आल्या. पहाटे साडेचारला घंटा. घंटेवर उठायचं, घंटेवर खायचं, घंटेवर झोपायचं. त्याआधी माणूस उजाडलं की उठत होता, तो आता घंटा झाली की उठू लागला, अमेरिकन समाजात झालेला सगळ्यात मोठा बदल म्हणाल तर हा. कमाई घरी जायची, त्यावर भाऊ कॉलेज शिकायचे. पण पहिल्यांदाच बाईच्या हातात बाईचे पैसे आले. गिरणीत पुस्तक न्यायला बंदी होती, तर या पोरी पुस्तकाची पानं सुटी करून खिडकीच्या चौकटीला चिकटवायच्या आणि माग चालवताना वाचायच्या. इथं सर थांबले होते; इथं ते दरवर्षी थांबतात. आणि मग अठराशे चौतीसचा फेब्रुवारी. मजुरी कापायची ठरली. पोरी कुजबुजू लागल्या. मालकाच्या माणसानं त्यांतली एक पुढारी हेरली आणि तिला कामावरून काढलं. ती बाहेर पडली, खिडकीतून आत बघितलं, आणि डोक्यावरची टोपी काढून अशी हवेत हलवली. सरांनी खिशातला रुमाल काढून हलवला होता. आणि आतल्या सगळ्या जणी उठून तिच्या मागं चालू लागल्या. आठशे जणी. वर्गात कुणी हललं नव्हतं. मागच्या बाकावरचा विपुलसुद्धा, जो मोबाइल मांडीवर ठेवूनच जन्माला आलाय असं सर म्हणत, तोही वर बघत होता. मग सरांनी रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला आणि लिहून दिलं : स्त्री कामगारांच्या जागृतीची ही पहिली ठिणगी होय. पूर्णविराम. मुद्दा चौथा : रेल्वे आणि घड्याळाची वेळ.

पूर्णविराम तिथं त्यांनी दिला होता. चौतीस सालानं दिला नव्हता.

जितेश उठता उठता म्हणाला, “हे पान तुमचं आहे हे मी कुणाला बोललो नाही. मार्चमध्ये मला कायम करायचंय, तुम्हाला माहितीय. त्या सहा मुली माझ्या शब्दावर घेतल्या होत्या, आणि माझा शब्द म्हणजे तुमचा. तुम्ही जरा वाडीवर जा. तेजश्रीनं माफीनामा लिहून दिला, कागद माझा, चूक माझी, तर बाकी पाच जणींचं काहीतरी बघता येईल. तुमचं ऐकेल ती.” “आणि तिचं?” सरांनी विचारलं. जितेशनं हेल्मेटचा पट्टा लावला. “तिचं आता काय होणार, पप्पा,” तो म्हणाला, तेही कडू होऊन नाही. गाडी चुकली असं सांगावं तितक्या साधेपणानं. सर त्याच्या पाठीकडं बघत राहिले. हा मुलगा वाईट नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तेच त्यांना जड जात होतं. वाईट असता तर दोन शब्द सुनावता आले असते.

कॉलेजात त्या दिवशी त्यांनी दोन तास घेतले, पण काय शिकवलं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तोंड सव्वीस वर्षांच्या सवयीनं चालत होतं आणि मन भिवपुरीला गेलं होतं. लहानपणी ते तिथंच राहत. वडील शेत सोडून वीजकेंद्रात हरकाम्या म्हणून लागले होते, क्वार्टरच्या मागच्या ओळीत एक खोली मिळाली होती. डोंगराच्या छातीवरून जाडजूड पाइप खाली उतरायचे, वरच्या धरणाचं पाणी त्यांतून धडाडत यायचं, आणि हे पाणी मुंबईच्या गिरण्या चालवतं असं वडील छाती फुगवून सांगायचे. गिरणी त्यांनी कधी बघितली नव्हती. पाळीचा भोंगा झाला की आई दूध उतरवायची, कुत्रं उठून अंग झाडायचं. वडील निवृत्त होऊन गावाकडच्या घरी गेले, तिथं भोंगा ऐकू येत नव्हता, तरी ठरल्या वेळी ते ओट्यावर येऊन उभे राहायचे, डबा हातात असल्यासारखी बोटं मुडपून. “बाबा, काय बघताय?” “काय नाय रं.” शेताची कामं ते विसरून गेले होते. पेरणीच्या दिवशी भावकीतला कुणीतरी येऊन सांगायचा तेव्हा ते निघायचे. एम.ए.ला असताना वाल्मिकनं लायब्ररीत मेरिमॅकच्या धबधब्याचं चित्र पाहिलं आणि त्याला रडू फुटलं होतं. आपल्या बापाचं काहीतरी कुणीतरी, इतक्या लांब, लिहून ठेवलंय, असं वाटलं. म्हणून त्यानं हा विषय घेतला. अमेरिकेशी त्याचं बाकी काही घेणंदेणं नव्हतं. पुढं तो सर झाला, रडू मागं पडलं आणि मुद्दे उरले.

दुपारी ते कोंडाण्याच्या वाटेला लागले. टमटमनं फाट्याला सोडलं, पुढं चढण. फेब्रुवारीतच पाचोळा वाजत होता. डाव्या हाताला फार्महाऊसांच्या भिंती, भिंतींवर काचा, एका फाटकातून निळ्या पाण्याचा तुकडा दिसत होता. ते चालताना मनात भाषण तयार करत होते आणि प्रत्येक वळणावर ते मोडत होतं. चौतीस सालचं पुढं काय झालं हे त्यांना नीट माहीत होतं. हे त्यांनी एम.ए.लाच वाचलं होतं, पेन्सिलीनं खूणसुद्धा केली होती. संप काही दिवसांतच मोडला. बऱ्याच जणी कापलेल्या मजुरीवर मुकाट परत आल्या, काही जणी गाव सोडून घरी गेल्या. टोपी हलवणारीचं पुढं काय झालं ते त्यांच्या पुस्तकात नव्हतं. पहिल्या एकदोन वर्षी त्यांनी हे वर्गात सांगितलंही होतं. पण मग वर्ग खाली बसतो. ‘मोडला’ म्हटलं की पोरं लगेच घड्याळाकडं बघतात. ठिणगीवर तास संपवला की ती उजळ तोंडानं बाहेर पडतात आणि आपणही उजळ तोंडानं घरी जातो, हे एकदा लक्षात आल्यावर त्यांनी ती ओळ गाळून टाकली. कुणावर अन्याय म्हणून नाही. पेपर तपासणाऱ्यालाही ठिणगी आवडायची. इतक्या वर्षांत या गाळलेल्या ओळीनं कुणाचं वाकडं होईल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं, कारण अमेरिकेचा इतिहास खरा मानून कुणी वागेल हेच मुळात त्यांच्या स्वप्नात आलं नव्हतं.

तेजश्रीची आई कोंडी दाराशी वालाच्या शेंगा सोलत बसली होती. सरांना बघून ती उठली, पदर सावरला, आत जाऊन प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली आणि ती पदरानंच पुसली. “सर, येवढ्या उन्हाचं कशाला आलाव? पोरीला सांगावा धाडायचा व्हता.” तेजश्री आतून आली. अंगावर कंपनीनं दिलेला निळा टीशर्टच होता. चेहरा शांत, नुसता शांत नाही, जरा उजळलेलाच. ती त्यांचीच वाट बघत होती. शाबासकीची.

“सर, तुमाला कळलं ना?” ती म्हणाली. “पाचीच्या पाची उठल्या. मला वाटलं नव्हतं. मी बसमधे त्यांना ती गोष्ट सांगितली व्हती, तुमच्यासारखी जमली नाय, पण सांगितली. हिरू तर हसली व्हती. पण काल हिरूच पयली उठली.”

“पान का चिकटवलंस गं?”

“तुमीच सांगितलं व्हतं ना सर, खिडकीला चिकटवायच्या म्हणून. आठ तास नुसतं खोकं दाबायचं. मग एक खोकं, एक ओळ. दोन महिन्यांत अख्खा तिसरा मुद्दा पाठ झाला.” आणि तिनं तिथंच, अंगणात उभं राहून, शेंगांच्या सालींकडं बघत तो म्हणून दाखवला. स्वल्पविरामासकट. ठिणगी होय, पूर्णविराम, इथं येऊन थांबली. कोंडी लेकीकडं बघत होती, तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण पोरगी न अडखळता बोलली एवढं कळलं होतं.

सरांनी सांगितलं. संप मोडला, हे सांगितलं. काही दिवसांतच. परत आल्या, कमी पैशावर. ज्या आल्या नाहीत त्या घरी गेल्या. ते आवाज सपाट ठेवून सांगत होते, जणू याही ओळीला काही गुण आहेत. तेजश्री ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड एकदम गेला नाही, हळूहळू गेला, आणि हे बघण्यापेक्षा आपण आलोच नसतो तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. मग ती म्हणाली, “सर, मंग ते नोट्समधे का नाय?”

रागानं विचारलं असतं तर काही उत्तर देता आलं असतं. ती तर एखादी ओळ लिहून घ्यायची राहिली असावी अशा समजुतीनं विचारत होती. चूक आपलीच असणार, सुट्टीच्या दिवशी तेवढं आपण कॉलेजला जातो, मधलं काहीतरी सुटलं असणार. “राहिलं,” सर म्हणाले. “माझ्याकडून राहिलं.”

“बरं,” ती म्हणाली.

कोंडीनं मात्र बरोबर जागी हात घातला. “सर, हिचं जाऊं दे. पर त्या पाची जणींच्या आया सकाळपासून मला बोलतात. सांच्याला वीटभट्टीवाला येनार हाय, त्याला काय सांगू? पोरी भट्टीवर पाठवते का कंपनीत पाठवते?” सरांनी माफीनाम्याचं सांगितलं. पाच जणींचं होईल, असं सांगितलं. ‘बघता येईल’ असं जितेश म्हणाला होता, पण चढण चढून येईपर्यंत त्याचं ‘होईल’ झालं होतं. तेजश्री आत गेली, वही आणि पेन घेऊन आली, उंबऱ्यावर बसली, मांडीवर वही घेतली, आणि वर बघितलं. बोला सर, असं त्या बघण्यात होतं. तीन वर्षं ती अशीच वर बघत आली होती.

आणि सर सांगू लागले. मी, खाली सही करणार, असे लिहून देते की. स्वल्पविराम. लाइन क्रमांक चारवरील यंत्रास. ‘यंत्रास’ लिही, मशीनला नको. त्यांचा आवाज आपोआप तासातला झाला, शब्द तोडून, शेवटचा शब्द दोनदा, लिहिणाऱ्याचा हात पोचेपर्यंत थांबून. वाक्य चांगलं झालं की आतून एक बारीक समाधान उठत होतं आणि त्यांना स्वतःची किळस येत होती, पण वाक्य चांगलंच होत होतं. माझ्या या बेजबाबदार वर्तनास सर्वस्वी मीच जबाबदार असून. इतर पाच जणींचा यात काहीही दोष नाही. इथं तेजश्रीनं पेन उचललं. “सर, एक ओळ घालू का?” “कोणती?” “हा कागद मला कोणीही दिलेला नाही. नायतर कुणी अक्षर वळखील.” ती वर बघत नव्हती, वहीकडंच बघत होती. डोंगराकडून ठाकूरवाडीजवळच्या घाटातल्या आगगाडीचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. त्या आवाजात माणसाला नको म्हणायला भरपूर वेळ होता. कोंडीच्या हातात शेंग तशीच होती. सरांनी त्या पोरीच्या भांगाकडं बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांपुढं मार्च महिना आला, जितेशचं कायम होण्याचं पत्र आलं, सव्वीस वर्षांचं नाव आलं, आणि ते म्हणाले, “घाल. पण ‘कोणीही’ दीर्घ काढ.”

माफीनामा खिशात घालून उतरताना हिरू आणि आणखी दोघी वाटेत भेटल्या, डोक्यावर लाकडं. उद्या कंपनीची बस थांबेल, असं सरांनी त्यांना सांगितलं. त्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ते फाट्यावर गेले. कशाला, हे छायानं विचारलं तेव्हा फिरायला म्हणाले. पाची जणी आधीच आल्या होत्या, धुतलेले टीशर्ट, केसांना तेल, हातांत डबे. तेजश्रीही आली होती. ती त्यांच्यापासून दहा पावलं लांब, पळसाखाली उभी होती, साध्या कपड्यांत. तिला जायचं नव्हतं, जाणाऱ्या बघायच्या होत्या. सर चहाच्या बंद टपरीमागं थांबले. बसचे दिवे वळणावर दिसले तशा पाची जणी पुढं सरकल्या, हिरूनं हात वर केला. बसनं वेग कमी केला नाही. ड्रायव्हरनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा, ओळखीचं बघितलं, आणि हातानं पुढच्या रस्त्याकडं खूण केली, म्हणजे काय ते कुणालाच कळलं नाही. धुरळा खाली बसला. हिरूचा हात थोडा वेळ तसाच वर होता. मग त्या पाची जणी वळून तेजश्रीकडं बघू लागल्या.

“पप्पा, माझ्या हातात नाही ते,” जितेश संध्याकाळी म्हणाला. बूट काढत होता. “ठेकेदारानं कालच दुसऱ्या आणल्या. लांबच्या आहेत, परप्रांतातल्या. गेटसमोर खोल्या घेतल्यात, एकेका खोलीत आठ-आठ. त्यांना बस लागत नाही, कॉलेज लागत नाही. दहाला दार बंद.” सरांना दहाच्या दाराचं ठाऊक होतं. लॉवेलमध्येही कंपनीच्या वसतिगृहांना दहालाच कडी लागायची, मुद्दा तिसरा, उपमुद्दा आ. “कालच आणल्या? म्हणजे मी वाडीवर गेलो तेव्हा?” जितेशनं दुसरा बूट काढला. “मला दुपारी कळलं.” “मग तो माफीनामा?” “तो फाइलला लागतो, पप्पा. ऑडिटवाल्यांना कारवाई काय केली ते दाखवावं लागतं. चांगला लिहिलाय तिनं. साहेब म्हणाले, एवढं शुद्ध कुणी लिहीत नाही.” मग तो जरा थांबून म्हणाला, “तुमचं नाव कुठं आलं नाही,” आणि ते त्यानं मनापासून, बापाची काळजी म्हणून म्हटलं. पोरानं फाइल पुरी केली होती, त्यांनी वही पुरी केली होती. जितेशच्या बोटांकडं त्यांचं लक्ष गेलं. बूट काढून झाले तरी ती मुडपलेलीच होती, हेल्मेट धरल्यासारखी.

पंधरा दिवसांनी उजळणीचा तास होता. वर्ग भरलेला, कारण उजळणीला महत्त्वाचे प्रश्न सांगतात. दाराकडच्या बाकावर तेजश्री बसली होती. आता तिला रोज येता येत होतं. आई भट्टीवर गेली होती, परीक्षा झाली की तीही जाणार होती. पाचीच्या पाची आधीच गेल्या होत्या. तिच्या हाताला चुलीच्या राखेचा रंग होता आणि वही तीच होती, माफीनाम्याची पानं फाडलेली. तिसऱ्या मुद्द्यापाशी आल्यावर सर थांबले. रुमाल खिशात होता, तो त्यांनी काढला नाही. ते म्हणाले, “इथं एक भाग राहिलाय. लिहून घ्या. हा संप काही दिवसांतच मोडला.” पेनं चालू लागली. “बहुतेक मुली कमी मजुरीवर कामावर परतल्या, काही आपापल्या गावी गेल्या. पुढील काळात त्यांच्या जागी दूर देशांतून आलेले, अधिक गरजू.” मागून विपुलनं हात वर केला. “सर, हे परीक्षेला हाय?”

सरांनी खोटं बोलायचा विचार केला. मग म्हणाले, “नाही.”

पेनं खाली ठेवल्याचा आवाज झाला, एकामागून एक, सगळ्या बाकांवर. कुणीतरी आळस दिला. खिडकीबाहेर टमटमवाला खालापूर, खालापूर म्हणून ओरडत होता. त्यातूनही सरांना एकच पेन चाललेलं ऐकू आलं. तेजश्री लिहीत होती. वाकून, सावकाश, एकही शब्द न गाळता, ‘ळ’ची शेपटी त्यांच्यासारखीच खालच्या ओळीत सोडत. ‘अधिक गरजू’पर्यंत ती पोचली. मग तिनं मान वर केली.

“झालं सर,” ती म्हणाली. “पुढं?”